दोन पेनी

नूतनीकरणाची तारीख नऊ फेब्रुवारी.
त्याआधीच्या रविवारी, वारा असो नसो
(वारा असतोच),
पाच जण बूट काढून माझ्या स्वयंपाकघरात बसतात
आणि मी वही उघडते.

सभासदत्व एक, घरं सहा.
कागदोपत्री आम्ही सगळे एकाच छपराखाली राहतो,
शेटलंडच्या त्या टोकाला
जिथून पुढे नुसतं दीपगृह, मग पाणी.
पंच्याण्णव पौंडांना सहाने भागलं
की घरटी पंधरा पौंड त्र्याऐंशी पेनी येतात,
वर दोन पेनी उरतात.
ते मी घालते. खजिनदाराचा मान म्हणून.

यंदा प्रश्न असा की पुन्हा घ्यायचं का.
ओस्ला म्हणाली, आधी हिशेब मांड, मग बोलू.

मांडला.
वर्षभरात एक्केचाळीस खोकी.
बेटावर आणायचं भाडं खोक्यामागे सहा पौंड धरलं
तर दोनशे सेहेचाळीस वाचले.
"म्हणजे फायदाच की," गिबी म्हणाला
आणि बिस्कीट उचललं.

मग रसमीने एकेक खोकं उघडायला लावलं,
वहीतलं.
कपाळाला बांधायचे दिवे, तीन. (डोकं एकच, त्याचंच.)
गिबीच्या टीनाची योगासनांची चटई,
सध्या तिच्यावर कुत्रा शवासनात असतो.
जेसी-ॲनची लोकर.
माणसांपेक्षा मेंढ्या जास्त असलेल्या गावात
अर्ध्या जगाला वळसा घालून लोकर आली,
वर लेबलाला मेंढीचंच चित्र.
"मऊ आहे गं," जेसी-ॲन म्हणाली, "आपल्या बोचतात."

भाडं भरावं लागलं असतं
तर यातलं काय काय घेतलं असतं?
असं विचारलं आणि किटलीचाच आवाज तेवढा राहिला.
मी पेन्सिलीने खोडत गेले.
वाचलेले पैसे म्हणजे
न घेतलेल्या वस्तूंचे पैसे असतात,
हे मला साठाव्या वर्षी कळत होतं, तेही सगळ्यांसमोर.

ओस्लाच्या कानातल्या यंत्राचे सेल मात्र खोडले नाहीत.
ते नसते तर हे भांडण
तिच्यापर्यंत पोचलंच नसतं.
"सेल माझ्याकडेही आहेत," मॅग्नी म्हणाला, दारापाशी बसून.
आहेत. त्याच्या दुकानात, खिळ्यांच्या वरच्या फळीवर.
तेच सेल, दीड पौंडाने महाग,
धूळ फुकट.

मॅग्नी दोन वर्षांपूर्वी आमच्यात आला, सहावा.
माझ्याच दुकानात घेणं मला परवडत नाही, म्हणाला होता
आणि आम्ही हसलो होतो,
तोही हसला होता, बहुतेक.
तेव्हा दुकान रोज उघडं असायचं.
आता बुधवार आणि शनिवार.

यादीत शेवटी एक सुटकेस.
मोठी, चार चाकांची.
"आमच्या या रस्त्यावर चाकं?" रसमी खदखदला.
"कुणाची रे ही हौस?"

"माझी," मॅग्नी म्हणाला.
"मार्चच्या बोटीने जातो. लेकीकडे, ॲबर्डीनला."
चहाचा घोट घेतला, मग म्हणाला,
"हिचंही भाडं पडलं नाही."

त्यानंतर घ्यायचं का न घ्यायचं
हा प्रश्न कुणी काढला नाही.
दूध कुठून आणायचं, काड्या, खिळे, मीठ, पोस्टाची तिकिटं,
हेही कुणी विचारलं नाही.
ओस्लाने वही माझ्याकडे सरकवली.

पंच्याण्णव भागिले पाच.
एकोणीस.
पुन्हा भागून पाहिलं. एकोणीसच, वर काही नाही.
एप्रनच्या खिशात दोन पेनी होते,
सकाळीच काढून ठेवलेले, दरवर्षीसारखे.
त्यांचं काय करायचं ते सुचेना
म्हणून हात खिशातच ठेवला.

मॅग्नी बूट घालत होता.
नाड्या बांधता बांधता, जमिनीकडे बघत म्हणाला,
"बुधवारी या कुणीतरी. उरलेले सेल अर्ध्या किमतीत देतो."

ओस्ला कप गोळा करत होती.
तिला ऐकू गेलं नसावं.